फाईलमधला एक कागद कमी आहे!

ॲडमिशनच्या दिवशीची आपली फाईल आठवा. दहावीचं मार्कशीट, बारावीचं मार्कशीट, सीईटीचं स्कोअरकार्ड, लिव्हिंग सर्टिफिकेट, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, गॅप असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट, रॅगिंग करणार नाही म्हणून आणखी एक ॲफिडेव्हिट... आणि या सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स! त्यासाठी वडिलांनी तहसील कचेरीत किती चकरा मारल्या, ते त्यांनाच ठाऊक.

या एवढ्या जाडजूड फाईलमध्ये आपल्या तब्येतीविषयी कागद किती? एक. मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट. तो कसा मिळतो हेही सगळ्यांना माहीत आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचं, डॉक्टर नाव आणि ब्रँच विचारतात, उंची-वजन अंदाजाने टाकतात, शिक्का मारतात. स्टेथोस्कोप गळ्यातून खाली उतरत नाही. "हा विद्यार्थी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे" एवढं त्यावर छापलेलं असतं. अहो, पण हा विद्यार्थी पुढची चार वर्षं तीनशे पोरांबरोबर एका टाकीचं पाणी पिणार आहे, एका खोलीत तिघं-चौघं झोपणार आहेत, एकाच ताटात सहा हात पडणार आहेत. त्यासाठी तो सक्षम आहे का? त्याला कोणकोणत्या लशी टोचल्या आहेत? हे कोणी विचारत नाही. रेक्टर विचारत नाहीत, ऑफिस विचारत नाही, आणि आपणही स्वतःला विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ॲडमिशनच्या फाईलमध्ये लसीकरणाचा कागद असलाच पाहिजे. आणि ज्याच्याकडे तो नाही, त्याची सोय पहिल्या सेमच्या पहिल्या महिन्यात कॉलेजनेच केली पाहिजे.

"लशी? त्या तर लहानपणी झाल्या!" हे आपलं ठरलेलं उत्तर. हा लेख लिहायच्या आधी मी विंगमधल्या पंधरा-वीस जणांना विचारून बघितलं. एकालाही नीट सांगता आलं नाही. सगळ्यांनी घरी फोन लावले. आयांची उत्तरं साधारण एकच : "सगळी इंजेक्शनं झालीत रे बाळा, तू फार रडायचास!" बरं, कार्ड? कार्ड घर बदलताना गेलं, पुरात गेलं, अंगणवाडीच्या बाईंकडेच राहिलं. जन्मपत्रिका मात्र प्रत्येकाची कपाटात, एलआयसीच्या पॉलिसीशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी आहे. मंगळ कुठल्या घरात आहे ते सापडतं, धनुर्वाताचा बूस्टर कधी झाला ते सापडत नाही.

आता लहानपणी नेमकं झालं काय? बीसीजी झाली, तिचा व्रण डाव्या दंडावर बघा. (आजीच्या दंडावर असतो तो मोठा गोल व्रण देवीच्या लशीचा. देवी भारतातून १९७५ साली गेली, १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं.) पोलिओ झाला, त्रिगुणी झाली, गोवर झाला. मग नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रभर शाळांमधून गोवर-रुबेलाची मोहीम निघाली. तेव्हा आपण पाचवी ते नववीत कुठेतरी होतो. रांगेत उभं राहून इंजेक्शन घेतलं, अंगठ्याला शाई लावून घेतली, काही जणांच्या पालकांनी व्हॉट्सॲपवरचे मेसेज वाचून त्या दिवशी पोराला घरीच ठेवलं. त्यानंतर कोविड. पंधरा ते अठरा वयोगटाचं लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला सुरू झालं. ते सर्टिफिकेट मात्र प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे!

इथवर ठीक. पण सरकारी वेळापत्रकात काय नव्हतं आणि नाही, ते बघा. कांजिण्यांची लस त्यात नाही. गालगुंडाची नाही, कारण २०१८ मध्ये टोचलं ते गोवर-रुबेला, त्यात गालगुंड येत नाही. हेपटायटिस ए नाही. टायफॉइड नाही. हेपटायटिस बी देशभर लागू झाली ती २०११ च्या सुमारास. त्याआधी काही शहरं, जिल्हे आणि राज्यं एवढ्यापुरतीच होती. आपल्यापैकी जवळपास सगळ्यांचा जन्म त्याआधीचा. आणि धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर सोळाव्या वर्षी असतो. आमच्या बॅचचं सोळावं वर्ष आलं २०२० मध्ये, शाळा बंद, रस्त्यावर पोलीस. तेव्हा बूस्टर घ्यायला कोण गेलं असेल? म्हणजे "सगळं झालंय" म्हणणाऱ्या पोराच्या बाबतीत हॉस्टेलला ज्याची खरी गरज आहे, तेच नेमकं झालेलं नसतं.

कावीळ घ्या. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या मजल्यावर ती आली. पहिला मुलगा चार दिवस "ॲसिडिटी आहे" म्हणून गोळ्या खात पडून होता. मग डोळे पिवळे. मग शेजारच्या खोलीतले दोघं. दोन आठवड्यांत अकरा जण. तपासणीत निघालं हेपटायटिस ए. सगळा राग अर्थातच मेसवर निघाला. कॉन्ट्रॅक्टरला बोलावून घेऊन झापलं, पनीर बंद केलं, भांडी पुन्हा घासून घेतली. पण जरा हिशेब करा. या विषाणूला शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत सरासरी चार आठवडे लागतात, कमीत कमी पंधरा दिवस, जास्तीत जास्त पन्नास. म्हणजे सुट्टीनंतर आजारी पडलेल्यांनी तो घेतला होता सुट्टीच्या आधी. तेव्हा हॉस्टेलच्या मागे पाईपलाईनसाठी खोदकाम चाललं होतं आणि कुलरचं पाणी दोन दिवस गढूळ येत होतं. हे आठवायला कोणाला सवड नव्हती. कॉन्ट्रॅक्टरची बाजू घ्यायला मी काही त्याचा जावई नाही (त्याच्या डाळीबद्दल स्वतंत्र लेख होईल), पण त्या वेळी आपण चुकीच्या माणसाला धरलं असं माझं आजही मत आहे.

त्या अकरापैकी दहा जण महिन्याभरात हिंडू-फिरू लागले. अकराव्याचं बिलिरुबिन चढतच गेलं. तो घरी गेला. तिथे कोणीतरी गळ्यात माळ घातली, चुन्याच्या पाण्यात हात बुडवून "बघा, कावीळ उतरली" म्हणून पिवळं पाणी दाखवलं, वर कसलासा पाला वाटून पाजला. आधीच सुजलेल्या लिव्हरवर हा आणखी भार! शेवटी शहरात ॲडमिट करावं लागलं. जीव वाचला, पण पाचव्या सेमची परीक्षा पूर्ण बुडाली. सगळे विषय बॅक. आणि या वर्षी ज्या कंपन्या आल्या, त्यांच्या पहिल्याच ओळीत काय लिहिलं होतं? "नो लाईव्ह बॅकलॉग." पोरगा वर्गात पहिल्या पाचातला. एका लशीने हे सगळं टळलं असतं. हेपटायटिस एची लस आपल्याकडे वर्षानुवर्षं मिळते. लशीच्या प्रकारानुसार एक डोस, नाहीतर सहा महिन्यांच्या अंतराने दोन.

इथे एक गंमत सांगतो. अकरा जण कोण होते? पुणे, नाशिक, मुंबई, ठाणे. फ्लॅटमध्ये वाढलेले, घरात वॉटर प्युरिफायर असलेले. गावाकडची पोरं बहुतेक शाबूत राहिली आणि कॉलर ताठ करून म्हणत होती, "आम्ही विहिरीचं पाणी पिऊन वाढलोय!" त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. हेपटायटिस ए लहान वयात झाला तर बऱ्याचदा साध्या तापासारखा येऊन जातो, डोळे पिवळेही होत नाहीत, आणि त्यानंतर जन्मभर संरक्षण राहतं. तोच आजार विसाव्या वर्षी झाला तर चांगलाच आडवा करतो. म्हणजे ज्याच्या आईने लहानपणी पाणी गाळून, उकळून पाजलं, तोच हॉस्टेलमध्ये सगळ्यात उघडा पडतो. त्यात आईची काही चूक नाही. तिने तेव्हा जुलाब-उलट्यांपासून वाचवलं. पुढची जबाबदारी लशीची होती. आणि विहिरीवाल्यांनीही फार खूश होऊ नये. टायफॉइड एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो, आणि हेपटायटिस ईची कावीळ वेगळी. तिची लस आपल्या नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही.

टायफॉइडवरून आठवलं. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना नवी टायफॉइड लस, म्हणजे कॉन्जुगेट लस, मोहीम काढून दिली. सार्वजनिक यंत्रणेने ही लस अशी देण्याची जगातली ती पहिली वेळ होती, आणि लस बनवलेली होती हैदराबादची. एकच डोस. हे सगळं आपल्या घाटाच्या खाली घडलं, आणि इथे आपण अजून "टायफॉइड झालाय, विडालची टेस्ट पॉझिटिव्ह आहे" म्हणून सेमला दोन-चार जण सलाईनवर बघतो!

कांजिण्यांचं तर हॉस्टेलमध्ये ठरलेलं नाटक असतं. फेब्रुवारी-मार्च आला की एकाच्या अंगावर पुरळ उठतं. कोणी म्हणतं देवी आल्या, कोणी उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवतो, आणि रेक्टर म्हणतात, "आत्ताच्या आत्ता घरी जा." तो बिचारा तापात फणफणत स्वारगेटवरून सांगलीची एसटी पकडतो. पन्नास माणसांच्या बंद गाडीत पाच-सहा तास! त्यात एखादी गरोदर बाई असू शकते, केमोथेरपी चालू असलेला एखादा म्हातारा असू शकतो. बरं, इतकं करून हॉस्टेल वाचतं का? नाही. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच हा आजार पसरत असतो, त्यामुळे रूम पार्टनरला जे मिळायचं ते मिळून गेलेलं असतं. खपल्या धरेपर्यंत त्या मुलाला एका वेगळ्या खोलीत ठेवायचं, डबा दाराशी द्यायचा, डॉक्टरांना तिथे आणायचं, हे शहाणपणाचं. आपल्या हॉस्टेलमध्ये अशी खोली आहेसुद्धा. तिच्यात सध्या गॅदरिंगचे जुने फ्लेक्स आणि मोडके कॉट ठेवलेत. आणि ज्यांना लहानपणी कांजिण्या झाल्या नाहीत त्यांनी लस घ्यावी, किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. मोठ्या वयात कांजिण्या न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतात.

गालगुंडाला सगळे हसतात, कारण तोंड फुटबॉलसारखं दिसतं. वयात आलेल्या मुलाला गालगुंड झालं तर सूज फक्त गालावरच थांबते असं नाही, एवढंच इथे लिहितो. संपादक मंडळात मॅडम आहेत. बाकीचं डॉक्टरांना विचारा, ते सांगतील, आणि मग कोणी हसणार नाही.

आपण इंजिनिअर लोक, तर थोडं गणितही होऊन जाऊ द्या. एक रोगी, ज्यांना कसलंच संरक्षण नाही अशा लोकांत सोडला, तर तो सरासरी जितक्या जणांना रोग देतो त्या संख्येला आर म्हणू. साथ पसरू द्यायची नसेल तर किती टक्के लोक सुरक्षित हवेत? एक वजा, एक भागिले आर. गोवराचा आर बारा ते अठरा धरतात. पंधरा घेतला तर उत्तर ९३ टक्के येतं. म्हणजे शंभरात दहा जणांनी कंटाळा केला की बाकीच्या नव्वदांची मेहनत अपुरी पडते. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. कोविडच्या काळात राहून गेलेल्या लशी हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. म्हणून "मी घेतो की नाही घेत, तुला काय करायचंय" हे वाक्य कॉरिडॉरमध्ये राहणाऱ्याला शोभत नाही. तुझा सिगारेटचा धूर जसा माझ्या खोलीत येतो, तसंच हे.

आता कुत्री. आपल्या कॅम्पसवर ती किती आहेत हे मोजायला मेकॅनिकलची एक आणि सिव्हिलची एक अशी दोन प्रोजेक्टं लागतील. नाईट कॅन्टीनहून येताना कोणाला ना कोणाला दात लागतोच. त्यावर हॉस्टेलचे डॉक्टर, म्हणजे सीनियर, सांगतात, "हळद लाव", "चुना लाव", "ओळखीचं कुत्रं आहे रे, काही होत नाही". यातलं काहीही करू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लस तिथे मोफत मिळते. दंडाच्या कातडीत द्यायची असेल तर शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस अशा दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर चौदाव्या दिवसाचा एक डोस वाढतो. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते मागून घ्या. तिसऱ्या डोसपर्यंत सगळे जातात. शेवटच्याच्या वेळी पीएल लागलेली असते किंवा घरी गेलेले असतात. अरे, मग गावच्या सरकारी दवाखान्यात कागद दाखवून घ्या! रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर उपचार नाही. इतर आजारांत थोडंफार इकडेतिकडे चालतं, इथे नाही.

याच्या बरोबर उलटा प्रकार वर्कशॉपमध्ये. फर्स्ट इयरला फिटिंगच्या जॉबवर हॅकसॉ निसटला की लगेच टीटी. पुढच्या सेमला पत्र्याची कड लागली की पुन्हा टीटी. (आता सरकारी दवाखान्यात टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण येतं.) लहानपणचे डोस पूर्ण असतील आणि शेवटचा दहा वर्षांच्या आतला असेल, तर स्वच्छ, साध्या जखमेला नवं इंजेक्शन लागत नाही, मातीची, गंजाची, खोल जखम असेल तर ही मुदत पाच वर्षं. पण शेवटचा कधी झाला हे माहीतच नसतं, म्हणून डॉक्टर टोचून मोकळे होतात. कागद नसण्याचा हा दुसरा तोटा. जे हवं ते मिळत नाही, जे नको ते सहा-सहा महिन्यांनी मिळतं.

कोणी म्हणेल, हे सगळं करायला पोरांना वेळ कुठे आहे? सबमिशन, ओरल्स, प्लेसमेंट, गेट! वेळ असतो. दर वर्षी मे-जूनमध्ये अमेरिकेला एमएसला निघालेल्या सीनियर्सची धावपळ बघा. तिथल्या विद्यापीठांचा लसीकरणाचा फॉर्म येतो. एमएमआरचे दोन डोस, मधे किमान अठ्ठावीस दिवस. हेपटायटिस बीचे डोस. टीबीची तपासणी, बीसीजी टोचलेल्यांची हातावरची चाचणी कधी कधी विनाकारण पॉझिटिव्ह येते, म्हणून मग रक्ताची वेगळी चाचणी. टेक्सास राज्यात तर कायदाच आहे, बावीस वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याने मेनिंजायटिसची लस सत्र सुरू व्हायच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असली पाहिजे. अनेक ठिकाणी फॉर्म अपुरा राहिला तर रजिस्ट्रेशनच अडवतात. मग हाच आपला सीनियर, जो चार वर्षं तापात क्रोसिन खाऊन व्हायवा देत होता, महिन्याभरात सगळ्या लशी घेऊन, डॉक्टरांची सही घेऊन, स्कॅन करून पाठवून देतो. खर्चही करतो. काय चमत्कार झाला? काही नाही, कोणीतरी कागद मागितला!

मग आपण का मागू नये? जगात सर्वाधिक डोस बनवणारी लशीची कंपनी पुण्यात हडपसरला, १९६६ पासून. मुंबईत हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस बनवून १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले पुण्यात गेल्या. एवढा इतिहास ज्या मातीत आहे, तिथल्या कॉलेजला एक रकाना वाढवायला अमेरिकेची परवानगी लागत नाही.

खर्चाचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. टीडी आणि रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे. हेपटायटिस बी तुलनेने स्वस्त आहे. पण टायफॉइड, हेपटायटिस ए, कांजिण्या हे सगळं खाजगीत घ्यायचं तर काही हजार रुपये जातात, आणि ज्याची फी स्कॉलरशिपवर चालते त्याला "घेऊन टाक" म्हणणं सोपं नाही. इथेच कॉलेजने पुढे यायला हवं. एनएसएस दर वर्षी रक्तदान शिबीर भरवतं, तोच हॉल, तेच कॉट, तेच स्वयंसेवक. तीनशे डोस एकदम घेतले तर भाव करता येतो. एका फेस्टच्या डीजेवर आपण किती उडवतो ते जिमखान्याच्या हिशेबात छापलेलं आहे, ते इथे पुन्हा छापत नाही. पालकांची संमती घ्या, ज्यांना ॲलर्जी आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती एखाद्या आजाराने वा औषधाने कमी झालीय, त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने सूट द्या. कांजिण्या आणि एमएमआर या जिवंत लशी आहेत, त्या सरसकट कोणालाही टोचायच्या नसतात. सक्ती नको असं काही सर म्हणतात. ठीक आहे, सक्ती नको, पण विचारा तरी!

मुलींच्या हॉस्टेलसाठी एक गोष्ट वेगळी लिहायला हवी, आणि ती मुलाने लिहिली म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतात स्त्रियांच्या कर्करोगांत दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि त्याला कारणीभूत होणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवर लस आहे. पुण्यातच तयार झालेल्या सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ती नऊ ते सव्वीस वयापर्यंत देतात, पंधरा वर्षांनंतर तीन डोस. मुलांनाही देता येते. सव्वीस ही रेषा आपल्यापासून फार लांब नाही. या विषयावर बोलायला एखाद्या डॉक्टर मॅडमना गर्ल्स हॉस्टेलवर बोलवायला काय हरकत आहे? ब्यूटी टिप्सचं सेशन होतंच की.

लस टोचली म्हणजे पाणी कसंही चालेल, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या बाजूला, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण निघाले, पुढे संख्या दोनशेच्या वर गेली. चांगली चालती-बोलती माणसं हातापायाची ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर. संशय गेला पाण्यावर, आणि काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जीवाणू सापडला. त्याला लस नाही. तिथे पाणीच नीट हवं.

आणि पाणी तपासायला आपल्याला बाहेर जायची गरजच नाही! सिव्हिलवाल्यांना एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये उरलेल्या क्लोरीनचं प्रॅक्टिकल असतं. आयएस १०५०० या मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय सापडता कामा नये, हे आपण जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहितो आणि सही घेतो. सॅम्पल कुठलं? लॅब असिस्टंटने सकाळी भरून ठेवलेल्या बाटलीतलं. ते हॉस्टेलच्या कुलरचं घ्या ना! दर सोमवारी एक बॅच, एक सॅम्पल, आणि आलेला आकडा कुलरवरच खडूने लिहायचा. टाकी धुतल्याची तारीखही तिथेच. त्या गढूळ दोन दिवसांत असा आकडा लिहिलेला असता तर अकरा जणांनी ते पाणी प्यायलं असतं का, ते तुम्हीच सांगा.

बाकी भीतीबद्दल. दंड दुखतो, एखाद दिवस अंग तापतं. जिममध्ये शंभर किलो उचलणारे दोन-तीन वीर सुई बघून खाली बसतात, म्हणून टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबवतात. त्यात लाज कसली? कार्ड हरवलंय म्हणून अडून बसू नका. जुनी नोंद नसेल तर डॉक्टर बहुधा घेतलीच नाही असं धरून पुन्हा देतात, एखादा डोस जास्त झाला तर सहसा बिघडत नाही. मधला डोस राहिला तर पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही, जिथे राहिलं तिथून पुढे. आणि घेतलेल्या प्रत्येक लशीचा फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा. आईला पुन्हा फोन लावायला नको.

विंगमधल्या आम्ही नऊ जणांनी मिळून या महिन्यात हेपटायटिस बीचा पहिला डोस घेतला. (एकच रेझर आणि एकच ट्रिमर चौघांत फिरवणाऱ्यांनी हा आजार रक्तातून पसरतो, हे जरूर लक्षात घ्यावं.) दुसरा डोस महिन्याने. तिसरा सहा महिन्यांनी, म्हणजे बरोबर पुढच्या सेमच्या सबमिशनच्या आठवड्यात येतो. त्या दिवशी कोणाला आठवणार नाही, म्हणून तारीख आत्ताच सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवली आहे. दहावा गडी येणार असेल तर खोली नंबर ११४.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी